'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' हे वचन मंडळापुढे कसं मांडू?

सावेडीकर

सलाम सगळ्यांना.

मी नगरची. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नाताळाआधीचे चार आठवडे बायकांची घरोघरी प्रार्थना असते, आणि दर आठवड्याला एकीने वचन द्यायचं असतं. तिसरा आठवडा माझ्याकडे आलाय. वचन पाळकीणबाईंनी आधीच नेमून दिलंय. फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय, चौथं वचन: 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा.'

लहानपणी शब्बाथ शाळेत हे वचन मी पाठ म्हणून दाखवलंय. आता ते उघडून बसले की पुढे सरकत नाही.

घरचं थोडं सांगते. ह्यांची कंपनी पावसाळ्यात बंद पडली. लग्नाआधीपासून तिथेच होते. हिशेबाचे पैसे अजून हातात आलेले नाहीत. सध्या ओळखीच्या एकांची शाळेची व्हॅन चालवतात. मुलगी बारावीला आहे. सासूबाईंचं डायलिसिस चालू आहे. योजनेत बसतं म्हणून निभतंय, पण जायची-यायची रिक्षा आणि मध्येच सांगितलेल्या तपासण्या खिशातूनच होतात. त्यांना दिवसभराचं पाणी मोजून द्यायचं असतं. सकाळी मी एका तांब्यात तेवढं भरून ठेवते. चहा घेतला की तेवढं पाणी तांब्यातून काढून तुळशीमागच्या कढीपत्त्याला घालते. दुपारनंतर आई त्या तांब्याकडे बघत बसतात. मागत नाहीत, नुसत्या बघतात. रात्री कुटुंबप्रार्थनेला गीत मात्र त्याच काढतात. अजूनही सूर चुकत नाही.

पण खरं अडलंय ते आमच्या घरापाशी नाही. आमच्या मंडळात एक काकू आहेत. त्यांचा एकुलता मुलगा गेल्या वर्षी पुणे रस्त्यावर अपघातात गेला. काकू दर आठवड्याला न चुकता येतात, दाराजवळच्या खुर्चीत बसतात, बायबल मांडीवर उघडं असतं, पण गात नाहीत. त्यांच्या समोर उभं राहून 'सर्वदा आनंद करा' हे मी कोणत्या तोंडाने म्हणू? आणि म्हणायचं नाही, तर मग वचनाचं काय करू? बदलून मागता येईल, पाळकीणबाई नाही म्हणणार नाहीत. पण वचन टाळल्यासारखं होईल आणि ते मला पटत नाही.

त्यातून मागच्या आठवड्यात एक ताई मला म्हणाल्या, तुमच्या चेहऱ्यावर प्रभूचा आनंद दिसत नाही, कुठेतरी विश्वास कमी पडतोय. मी घरी येऊन भांडी घासता घासता रडले.

म्हणून विचारते. हसतमुख राहणं म्हणजेच ख्रिस्ती आनंद का? उद्याचं काहीच धड माहीत नसताना आशा धरायची म्हणजे रोजच्या रोज नेमकं काय करायचं? पुस्तकी उत्तर नको. ज्यांनी दिवस काढलेत त्यांनी सांगा.

प्रभात_चिंचवड

प्रभूच्या नावात सलाम, ताई. नीतिसूत्रे 18:21 वाचा. मरण आणि जीवन जिभेच्या हाती आहे. घरात आजार, नोकरी गेली, पैसे अडकले, हे शब्दच काढू नका. रोज सकाळी उठून विजय जाहीर करा. आनंदी चेहरा हीच आपली साक्ष. माझा स्वतःचा धंदा बुडाला होता तेव्हा मी हेच केलं आणि प्रभूने उभं केलं. तुमच्या घरासाठी आज उपासाने प्रार्थना करतो. नावं कळवा.

वसईचा_गावकरी

ताई, मी कॅथलिक, वसईचा. आमच्याकडे तुमचा हा तिसरा आठवडा खास आहे, म्हणून लिहितो.

आगमन काळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, फादरांचा झगा जांभळा असतो, पश्चात्तापाचा रंग. चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं असतं, त्यातल्या तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. ती गुलाबी तिसऱ्या रविवारी पेटते. त्या रविवाराला आनंदाचा रविवार म्हणतात, आणि मिस्साच्या, म्हणजे आमच्या उपासनेच्या, प्रवेशाला जे वचन आहे ते तुम्हाला मिळालेलंच: सर्वदा आनंद करा. तुमच्या पाळकीणबाईंनी तेच नेमून दिलं, याचं मला फार बरं वाटलं.

आता त्या रविवारचं शुभवर्तमान कोणतं ते पाहा. आमची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात चालतात. त्यातल्या पहिल्या वर्षी आनंदाच्या रविवारी मत्तयचा अकरावा अध्याय वाचला जातो. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे. ज्याने यार्देनेच्या काठी येशूकडे बोट दाखवून लोकांना सांगितलं, तोच आता शिष्यांकरवी विचारतो की, येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? आनंदाच्या रविवारी वेदीवरून एका कैद्याची शंका वाचतात! मी वर्षानुवर्षं ऐकत आलो, पण माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं त्या डिसेंबरात ते पहिल्यांदा कानात शिरलं.

येशू योहानाला रागावत नाही. निरोप पाठवतो की आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता मिळते आहे. आणि लोकांकडे वळून म्हणतो, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी झाला नाही. शंका विचारली त्याच दिवशी हे प्रशस्तिपत्र. पण तुरुंगाचं दार उघडलं नाही, हेही तितकंच खरं. योहान पुढे तिथेच मारला गेला.

तुमच्या काकू दाराजवळ बसून गात नाहीत, पण येतात. योहानानेसुद्धा प्रश्न दुसऱ्या कोणाकडे नेला नाही, येशूकडेच पाठवला. मला वाटतं त्यांचं येणं हाच त्यांचा विश्वास आहे, आणि तो आपल्यापैकी पुष्कळांपेक्षा मोठा आहे.

शेतकरी_श्रीरामपूर

मी फार लिहिणारा माणूस नाही. हबक्कूक तिसरा अध्याय, शेवटची वचनं वाचा. अंजिराला फुलोरा नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. ज्याचं पीक गेलंय तोच हे लिहू शकतो. त्याने काय काय गेलं त्याची यादी आधी दिली आहे. पीक चांगलं आहे असं म्हटलं नाही.

आमच्या मंडळीत सुगीच्या सणाला प्रत्येक घर शेतातलं काहीतरी वेदीपुढे आणतं आणि मग त्याचा लिलाव होतो. गारपिटीच्या वर्षी वडिलांनी कडब्याची एक पेंढी नेली होती. दुसरं काही नव्हतं. लिलावात ती पेंढी आमच्या शेजाऱ्याने घेतली आणि संध्याकाळी आमच्याच म्हशीला आणून टाकली. वडील त्या दिवशी हसले होते. पीक गेल्यापासून पहिल्यांदा.

जुनी_सिस्टर

सावेडीकर ताई, मी मिरजेला नर्सिंग शिकले आणि सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात काढून निवृत्त झाले. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण हे छोटं पत्र मी ड्यूटीच्या पिशवीत घेऊन हिंडले आहे, म्हणून त्यावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं समजा.

वचन बदलून मागू नका. मात्र ते एकटं उचलू नका. चौथ्या अध्यायाचं चौथं वचन भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतं, तसं सुटं वाचलं तर तुमच्या काकूंना ते लागणारच. पत्र पहिल्यापासून वाचा. चारच अध्याय आहेत, चहा निवायच्या आत वाचून होतात.

हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल कैदेत आहे. खटल्याचा निकाल लागलेला नाही. पहिल्या अध्यायात तो म्हणतो, जगणार की मरणार मला ठाऊक नाही. दुसऱ्यात म्हणतो, माझं काय होतंय ते कळलं की माझा सोबती तीमथ्य याला तुमच्याकडे पाठवतो. तुम्ही 'उद्याचं काहीच धड माहीत नसताना' असं लिहिलंत ना? हे पत्र नेमकं तशा माणसाचं आहे. सुटका झाल्यावर निवांत बसून लिहिलेलं नाही.

आता एपफ्रदीताकडे या. याच्यावर कोणी प्रवचन करत नाही, पण मी नर्स असल्यामुळे माझा जीव त्याच्यात अडकतो. त्या काळी कैद्याला बाहेरून माणसांनी आणून दिलं तरच नीट खायला मिळायचं. ज्यांना हे पत्र लिहिलंय त्या फिलिप्पै गावच्या मंडळीने पैसे-सामान गोळा केलं आणि ते घेऊन एपफ्रदीताला पाठवलं. तो पोहोचला आणि आजारी पडला, अगदी मरणाला टेकला. गावी कळलं. गावी कळलं म्हणून तो आणखी कासावीस झाला. दवाखान्यात हे रोज दिसतं. पेशंटला स्वतःच्या दुखण्यापेक्षा 'घरी सांगू नका हो, घाबरतील' याचीच काळजी जास्त. पुढे तो बरा झाला. तेव्हा पौल काय लिहितो पाहा. देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. पुढच्याच वचनात म्हणतो, तो तुम्हाला भेटला की माझं दुःख जरा कमी होईल.

'सर्वदा आनंद करा' लिहिणाऱ्या माणसाने त्याच पत्रात हे लिहिलंय. तिसऱ्या अध्यायात तर तो 'रडत रडत सांगतो' म्हणतो. म्हणजे हा माणूस कैदेत रडतो, दुःखावर दुःख येईल म्हणून भितो, मित्र बरा झाला की सुटकेचा श्वास टाकतो, आणि तरी आनंद करा म्हणतो. तेव्हा तुम्ही भांडी घासताना रडलात त्याचा आणि विश्वास कमी पडण्याचा काही संबंध नाही. पौलाला त्या ताईंनी पाहिलं असतं तर त्याच्याही चेहऱ्याबद्दल त्या बोलल्या असत्या.

प्रभातभाऊ, तुम्ही उपास करून प्रार्थना करताय याचं मोल मी जाणते, आणि तुमचा धंदा उभा राहिला याचा मला मनापासून आनंद आहे. पण आजाराचं नाव घ्यायचं नाही, हे मला शास्त्रात सापडत नाही. याकोबाच्या पाचव्या अध्यायात आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं आहे. काय होतंय ते सांगितल्याशिवाय कोण येणार? शिवाय जी बाई गप्प राहायला शिकते, ती औषधालाही उशीर करते. छातीतली गाठ देवाघरी जाईपर्यंत झाकून ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. म्हणून या बाबतीत मी गप्प बसत नाही.

आणखी एक. ही मंडळी मुळात कुठे सुरू झाली ते तुमच्या बायकांना जरूर सांगा. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. फिलिप्पैत पौल शब्बाथाच्या दिवशी गावाबाहेर नदीकाठी गेला. तिथे बायका प्रार्थनेला जमल्या होत्या. त्यांतली लुदिया, थुवतीराची, जांभळी वस्त्रं विकणारी, हिचं घर बाप्तिस्मा घेणारं पहिलं. तुमच्या मंडळासारखंच ते मंडळ! त्याच गावात पौल आणि सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात घालून आतल्या कोठडीत टाकलं होतं, आणि मध्यरात्री ते गात होते. त्या रात्री तुरुंगाच्या नायकाने त्यांच्या जखमा धुतल्या. पत्र वाचलं गेलं तेव्हा ऐकणाऱ्यांत तोही बसला असेल, अशी माझी आपली समजूत आहे.

आणि चौथ्या वचनाच्या अगदी आधी काय आहे? दोन बायकांची नावं. युवदीया आणि सुंतुखे. दोघी सुवार्तेच्या कामात पौलाच्या बरोबरीने झटलेल्या, आणि दोघींचं बिनसलेलं. पौल दोघींना विनवतो की एकमनाच्या व्हा, आणि आणखी एकाला सांगतो की बाबा, यांना मदत कर. लगेच पुढे: आनंद करा. मला यातून असं दिसतं की ही आज्ञा एकट्या बाईच्या गळ्यात अडकवलेली नाही. ती मंडळीला दिली आहे. ज्या घरी आज आनंद नाही तिथे बाकीच्यांनी तो वाहून न्यायचा. ती श्रीरामपूरच्या भाऊंची पेंढी वाचलीत ना? शेजाऱ्याने बोलून काही सांगितलं नाही, पेंढी आणून टाकली. पौलसुद्धा चौथ्या अध्यायात दहाव्या वचनाला म्हणतो, मला फार आनंद झाला, आणि कारण काय देतो, तर तुम्ही माझी काळजी वाहिलीत. चौदाव्यात म्हणतो, माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगलं केलंत.

तुमच्या काकूंना आनंद करा असं सांगायची गरज नाही. त्यांच्या संकटात वाटेकरी व्हा, हे बाकीच्या बायकांना सांगायची गरज आहे.

एक आठवण लिहिते आणि थांबते. 2021 चा एप्रिल. वॉर्डात आम्ही पीपीई किटमध्ये असायचो, चेहरा दिसायचा नाही, म्हणून छातीवर मार्करने नाव लिहायचो. एका निवृत्त मास्तरांनी माझं नाव वाचून ओळखलं की ही आपल्यातली. ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला करून म्हणाले, स्तोत्र म्हणता का? मी 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' सुरू केलं. त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाले, "सिस्टर, तेविसावं माझ्या मातीला वाचतील. आत्ता तेरावं वाचा." तेरावं सुरू होतं ते 'हे परमेश्वरा, कोठवर?' या हाकेने. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत होता, त्यावरूनच वाचलं. सहा वचनांचंच आहे ते. शेवटाला स्तोत्रकर्ता गाईन म्हणतो. मास्तर शेवटाशी थांबले नाहीत, पहिल्या दोन वचनांवर बोट ठेवून पुन्हा वाचायला लावलं. मग शेजारच्या खाटेवरच्या मुलाचं नाव विचारलं. म्हणाले, रात्रभर कण्हतोय बिचारा, नाव कळलं तर नाव घेऊन प्रार्थना करता येईल.

मास्तर वाचले नाहीत. पण ज्याला श्वास पुरत नव्हता तो माणूस शेजाऱ्याचं नाव विचारत होता. ख्रिस्ती आशा म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं.

केडगावचा_नातू

सिस्टर, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं.

ताई, मंडळात बायकांना एखाद्या बाईचं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं द्या. माझी पणजी छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे 1900 च्या सुमाराला, मुक्तीत, म्हणजे रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमात, आलेल्या पोरींपैकी. आमच्या घरात रमाबाईंना अजून 'बाई' म्हणतात, त्यामुळे जरा जास्त लिहिलं तर सांभाळून घ्या.

रमाबाईंचं नाव निघालं की लोक विद्वत्तेकडे वळतात. त्याआधीचं सांगा. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण डोळ्यांदेखत गेली. भाऊ आणि त्या पायी देशभर हिंडल्या. 1880 मध्ये भाऊही गेला. लग्न झालं, मुलगी झाली, आणि 1882 मध्ये पती गेले. वय पंचविशीच्या आत, पदरात मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तिथपासून सगळं सुरळीत झालं असंही नाही. 1889 मध्ये मुंबईत शारदासदन ही विधवा-मुलींची शाळा काढली, पुण्याला नेली, तिथे धर्मांतरावरून वाद पेटला आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. मग 1896-97 चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी पोरी, विधवा गोळा करून आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर ठेवलं. त्यातून मुक्ती उभी राहिली.

मला यात जे धरून ठेवावंसं वाटतं ते हे, की दुष्काळाने जिचं घर नेलं ती पुढच्या दुष्काळात घरी बसली नाही. उपाशी पोरीला आधी काय द्यायचं, कशाने तिचं पोट बिघडेल, ती रात्री का दचकते, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तिचं जुनं दुःख तिथे उपयोगी पडलं. दुःख चांगलं होतं असं मी म्हणत नाही, कृपा करून मंडळातही तसं कोणी म्हणू नये, निदान त्या काकूंसमोर तरी.

पणजी छापखान्यात होती. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, साध्या बायामाणसांना कळावं म्हणून, आणि ते मुक्तीतल्याच मुलींनी छापलं. काम शेवटाला येत असताना 1921 मध्ये मनोरमाबाई वारल्या. एकुलती लेक. बाईंनी काम सोडलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात बाहेर आलं. पणजीची बोटं छपाईचे खिळे जुळवून काळी पडलेली असायची आणि ती बोटं ती नातवंडांना कौतुकाने दाखवायची, असं आई सांगते.

एकुलतं मूल गेलेल्या आईचं उदाहरण काकूंसमोर द्यावं की नाही, हे मात्र तुम्ही तिथे राहून ठरवा. मला इथून कळत नाही.

सावेडीकर

सगळ्यांचे उपकार मानते. दोनदा वाचलं, एकदा ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. एपफ्रदीताचं ऐकल्यावर हे म्हणाले, हा माणूस आपल्या बायबलात होता आणि आपल्याला ठाऊक नव्हता.

मी असं ठरवलंय. पत्र नदीकाठच्या बायकांपासून सुरू करणार. मग कैद, मग एपफ्रदीत, मग युवदीया आणि सुंतुखे, आणि मग वचन. वसईच्या भाऊंनी सांगितलेला योहानही घेणार. आमच्याकडे मेणबत्त्यांचं कडं नसतं, पण त्या दिवशी एक गुलाबी लावायला काय हरकत आहे? तेरावं स्तोत्र सगळ्यांनी मिळून वाचायचं, पहिली दोन वचनं दोनदा. साक्ष द्यायला कोणालाही नाव घेऊन उठवणार नाही. एरवी आम्ही उठवतो. रमाबाईंचं यावेळी ठेवून देते, केडगावचे भाऊ, पण बाप्तिस्म्यानंतरही सगळं सुरळीत झालं नाही हे मी माझ्यासाठी लिहून ठेवलंय.

प्रभातभाऊ, नावं कळवते. प्रार्थना हवीच आहे.

सिस्टर, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. काकूंना आधी भेटून हे वचन आहे असं सांगावं का, की त्याने उलट जास्त लागेल? आणि नाताळाच्या फराळाचं आईंना काय चालेल? त्या विचारत नाहीत, पण मला त्यांच्या ताटात काहीतरी ठेवायचं आहे.

जुनी_सिस्टर

आधी भेटा. नक्की भेटा, आणि एकट्या जा, मंडळाला घेऊन नको. कोणतं वचन आहे ते सरळ सांगा, आणि त्या दिवशी यायचं नसेल तर कोणी काही म्हणणार नाही हेही सांगा. मुलाचं नाव घ्या. लोक नाव घ्यायचं टाळतात, त्याने आईला वाटतं की सगळे विसरले. त्याला नाताळात काय आवडायचं ते विचारा आणि त्या बोलतील तेवढं ऐका. उत्तर द्यायची घाई करू नका. नाताळाच्या दिवशी त्या घरी एकट्या असतील का याचीही चौकशी करा, कारण प्रार्थनेच्या दिवसापेक्षा तो दिवस जड जातो. आणि हे काम मंडळातल्या दोघी-तिघींनी वाटून घ्या. नाताळ झाल्यावरही जात राहायचं आहे, एकटीने ते निभत नाही.

आईंचं. खजूर, काजू-बदाम-मनुका आणि नारळपाणी अजिबात नको, पोटॅशियम वाढतं. सुक्या खोबऱ्याच्या सारणाची करंजीही टाळा. खारट शेव-चिवड्याने तहान लागते आणि मग तांब्याकडे बघणं आणखी वाढतं. रव्याची साखर घातलेली छोटी करंजी किंवा शंकरपाळे दोन-चार, मधुमेह नसेल तर. तरी त्यांच्या शेवटच्या रिपोर्टवरचं पोटॅशियम किती आहे ते पाहून डायलिसिसच्या सिस्टरला किंवा आहारतज्ज्ञांना एकदा विचाराच, दरेकीचं वेगळं असतं. पाण्यासाठी एक करून पाहा. तांब्यातल्या पाण्यातलंच थोडं बर्फाच्या ट्रेमध्ये लावा आणि दुपारी एकेक खडा तोंडात धरायला द्या. पाणी तेवढंच, पण जास्त वेळ पुरतं.

आईंना माझा सलाम सांगा. कोणतं गीत काढतात त्या?